द्राक्षांचा कागद, उंदरांचं घर

रमेश गांगुर्डे. हे नाव आधी लिहून टाकते. पुढचं लिहिताना नेहमीसारखी घाबरून मी मध्येच थांबले, तर निदान एवढं तरी कागदावर राहील. आम्ही त्यांना गांगुर्डेकाका म्हणायचो. औषधांच्या चाचण्या करणाऱ्या एका संस्थेच्या ॲनिमल हाऊसमध्ये, म्हणजे जिथे पांढरे उंदीर सांभाळतात तिथे, त्यांनी बावीस वर्षं पिंजरे बदलले. मला त्यांनी सांभाळून घेतलं. काय झालं ते सांगणारच आहे, पण कोणी सांभाळलं ते आधी.

परवा सातपूरला भाजी घ्यायला गेले होते. कोपऱ्यावरच्या हातगाडीवर या हंगामातली पहिली द्राक्षं आली होती. गाडीवाल्याने माझ्यासमोर एक पांढरी पेटी फोडली, परदेशी जाता जाता मागे राहिलेली. झाकण उघडलं आणि वरच्या कागदाचा वास आला. ओल्या काडीपेटीसारखा, नाकाच्या वरच्या हाडाला टोचणारा. मी दोन पावलं मागे सरकले.

"घ्या ताई, साखर आहे नुसती."

"तो वरचा कागद काढा आधी."

"कागदाला काय झालंय?"

"काही नाही. काढा."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याच्या वजनकाट्यातच खोट काढली आहे. पण मला सवयच आहे. समोरच्याने गोड सांगितलं की मी वरचा कागद आधी उचलून बघते.

ही सवय जुनी आहे. आमचं गाव किनवटच्या पुढे, सागाच्या जंगलाला लागून. गावात शाळा आठवीपर्यंत. नववीला तालुक्याला जायचं तर एकच बस, तीही मनात आलं तर यायची. "पुढच्या वर्षी पाठवू तुला," असं बाबा म्हणाले, मामा म्हणाले, सरही म्हणाले. सगळे फार प्रेमाने म्हणाले. दोन पुढची वर्षं गेली आणि मग कोणी म्हणेनासं झालं. तेव्हापासून मऊ आवाजात कोणी काही सांगितलं की मी त्यातलं खोटं शोधायला लागते. पुढे मावसबहिणीच्या आधाराने नाशिकला आले. ती नवऱ्याबरोबर सुरतेला गेली आणि मी इथेच राहिले, बारा तासांवर घर टाकून.

नोकरीच्या पहिल्या दिवशी डॉ. अपर्णा मॅडमनी मला खुर्चीवर बसवून चहा दिला. त्या जनावरांच्या डॉक्टर, तिथल्या प्रमुख. मी चहाकडे बघत राहिले. आठवी शिकलेल्या बाईला कामाआधीच चहा देतात, म्हणजे काम काय असेल, असं मनात आलं. मग कळलं की आत जाण्याआधी अंघोळ करायची, अंगावरचे कपडे बाहेर ठेवायचे आणि त्यांचे निळे कपडे घालायचे. उंदरांना बाहेरचा रोग जाऊ नये म्हणून, असं मॅडम म्हणाल्या. मला वाटलं, आम्ही काही आत नेऊ नये की बाहेर आणू नये, यासाठी असणार. आज विचार केला तर दोन्ही खरं होतं, आणि माझ्या बाबतीत तर पुढे जास्तच खरं ठरलं.

आत हवा सारखी, उजेड सारखा. बाहेर मार्गशीर्षातली थंडी असो की वैशाख, आत ऋतूच नाही. पिंजऱ्यांच्या ओळी, पिंजऱ्यात मक्याच्या कणसाचा भुसा, भुशावर पाच-पाच पांढरे उंदीर. प्रत्येक पिंजऱ्यात एक लाल, पारदर्शक प्लास्टिकचं घुमटीसारखं घर, एक पुठ्ठ्याची नळी आणि कापसाची दाबलेली वडी, ग्लुकोजच्या बिस्किटाएवढी. याला तिथे एनरिचमेंट म्हणतात. गांगुर्डेकाका म्हणायचे, "सोयी. दुसरं काय."

लाल घर बघून मी विचारलं, लालच का. काका म्हणाले, "उंदराला लाल रंग नीट दिसत नाही. त्याला वाटतं आत अंधार आहे, आपण लपलोय. आपल्याला बाहेरून सगळं दिसतं."

ते सहज बोलून गेले. मी मात्र त्या दिवशी खोलीवर गेल्यावर चारही भिंतींकडे बघत बसले. आपल्याला जिथे लपल्यासारखं वाटतं, ती भिंत दुसऱ्या कोणासाठी लाल काच असली तर.

आणि काका लिहायचे. रोज सकाळी माझ्या रांगेपुढे उभे राहायचे, प्रत्येक पिंजऱ्यात वाकून बघायचे आणि खिशातल्या वहीत काहीतरी टिपायचे. बोलायचे नाहीत. चष्मा कपाळावर, ओठ मिटलेले. माझी खात्री पटली की हे माझ्याच चुका लिहितात. मी भुसा कमी टाकते की जास्त, पाण्याची बाटली तिरकी लावते की सरळ. महिनाभर मी त्या वहीच्या धाकाने काम केलं. शेवटी एके दिवशी त्यांनी वहीच माझ्या हातात दिली.

"घे. आजपासून तू मार्क दे."

"कोणाला?"

"घराला. वडी तशीच पडलेली असली तर एक. थोडी कुरतडली असली तर दोन. बशीसारखं झालं तर तीन, वाटीसारखं झालं तर चार. वरून झाकलेलं, आत जायला भोक ठेवलेलं असलं तर पाच. उंदीर बरा आहे की नाही ते त्याचं घर सांगतं. आजारी असला, भ्यालेला असला, थंडी वाजत असली, तर आधी घर बिघडतं. मग उंदीर."

वहीत माझं नाव कुठेच नव्हतं. तरी मी दोन पानं मागे जाऊन बघितलं. त्यांनी ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

कापूस मला माहीत होता. आमच्याकडे वेचणीच्या दिवसांत बोटांची टोकं बोंडाच्या काट्यांनी फाटतात, आणि घरात कापूस आढ्यापर्यंत रचला की त्यात झोपायला कोण बाजूला सरणार यावरून भावंडांत मारामारी. त्या उष्ण, तेलकट, किंचित धुळीच्या वासाने झोप लागायची. इथे तोच कापूस दाबून, उकळून, कापून बिस्किट केलेला. त्याला कसलाच वास नाही. पण उंदरीण ती वडी पुढच्या दोन पायांत धरायची आणि दातांनी अशी पिंजायची की आमच्या गावात येणारा पिंजारी आठवावा. तासाभरात बिस्किटाचा ढग व्हायचा. मग ती आत शिरून गोल गोल फिरून त्याला आकार द्यायची. ते बघताना मला घरची आठवण यायची, आणि लगेच रागही यायचा. यांच्या पिंजऱ्यात घर आहे, पण पिंजरा काही घर नाही.

एकदा धीर करून मॅडमना विचारलं, "मॅडम, शेवटी मारायचेच आहेत, तर एवढ्या सोयी कशाला?"

त्या म्हणाल्या, "घाबरलेल्या उंदराकडून चाचणीचं उत्तर चुकीचं येतं."

"म्हणजे सोय उत्तरासाठी. त्यांच्यासाठी नाही."

"दोन्हीसाठी," त्या म्हणाल्या. "आधी कोणासाठी, ते मला रोज वेगळं वाटतं." या बाईने खोटं सांगितलं असतं तर मला सोपं गेलं असतं. संशय घ्यायला काहीतरी हाताशी राहिलं असतं.

पिंजरा बदलताना काका जुन्या कापसाची एक मूठ उचलून नव्या पिंजऱ्यात टाकायचे. मला ते आळशीपणाचं वाटायचं. स्वच्छ करायचं तर पूर्ण करा ना. ते रजेवर होते त्या आठवड्यात मी सगळा जुना कापूस फेकला आणि सगळं नवंकोरं दिलं. नरांच्या दोन पिंजऱ्यांत त्याच दिवशी चावाचावी झाली. परत आल्यावर काकांनी एका नराच्या शेपटीवरची जखम मला दाखवली आणि म्हणाले, "घराचा वास गेला की शेजारीसुद्धा परका वाटतो त्याला." माझ्या खोलीवर आईने शिवलेली गोधडी होती, वर्ष झालं तरी न धुतलेली. बरोबरच्या मुली नावं ठेवायच्या. त्या दिवसानंतर मी मूठभर कापूस विसरले नाही, आणि गोधडीही धुतली नाही.

हे सगळं ज्या हिवाळ्याकडे येतं, तो चार वर्षांपूर्वीचा. निफाडकडे पारा उतरला की नाशिकमध्येही हातपाय आखडतात. त्या वर्षी गरम हवेचं यंत्र आठवडाभर धड चालत नव्हतं, आणि नेमकी कापसाच्या वड्यांची गाडी कुठेतरी अडकली. अर्धी-अर्धी वडी द्या, असं मॅडमनी सांगितलं. सगळ्या पिंजऱ्यांना दोन मार्क. लाल घरात पाच-पाच जणी एकमेकींवर चढून बसलेल्या, भुशातून नाक वर काढून. मी वहीत दोन, दोन, दोन लिहीत जायचे आणि माझेच मार्क कापले गेल्यासारखं वाटायचं.

माझ्या खोलीत तेव्हा सविता राहायची, पेठकडची. ती दिंडोरीच्या बाजूला एका द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये पेट्या भरायला जायची. एका संध्याकाळी तिने पिशवीतून पांढऱ्या, पातळ कागदाची चळत काढली.

"बघ, लय मऊ हाय. तिथं असाच पडलेला व्हता. सर्दीला घेऊन आले, नाक पुसाया."

मी तो कागद गालाला लावला. मऊ होता. माझ्या डोक्यात चौदा नंबरचा पिंजरा आला. त्यातल्या एकीला थंडीने थरथरताना मी सकाळीच पाहिलं होतं.

आत बाहेरची वस्तू न्यायची नाही, हे मला पाठ होतं. पण भुसा आत जाण्याआधी मोठ्या वाफेच्या यंत्रातून जायचा, कुकरच म्हणा. वाफेतून गेलं की सगळं शुद्ध, असं मी माझ्याच मनाने ठरवलं. जी बाई भाजीवाल्याच्या तराजूवर विश्वास ठेवत नाही, तिने स्वतःच्या डोक्यावर मात्र डोळे मिटून ठेवला. शनिवारी काकांची सुट्टी होती. मी थोडासा कागद भुशाच्या टोपलीत खाली दडपला, वाफेतून आत घेतला आणि चौदा नंबरला दिला. सोमवारी सकाळी चौदा नंबरमध्ये पूर्ण घुमट उभा होता. भोकातून एक गुलाबी नाक. माझ्या छातीत असं काही भरून आलं, जणू मी वेचणीत सगळ्यांच्या पुढे गेले आहे. उरलेली सगळी चळत मी सोमवारच्या टोपल्यांत भरली.

वाफेच्या यंत्राचं दार काकांनी उघडलं. वाफ बाहेर आली आणि ते जागीच थांबले. त्यांची एक पद्धत होती, कुठल्याही वस्तूचा आधी वास घ्यायचा, मग हात लावायचा. त्यांनी दार परत लोटलं.

"यात काय होतं?"

"भुसा. नेहमीचा."

"चंदा."

"मला नाही माहीत, काका."

त्यांनी टोपल्या बाहेर काढल्या, बाजूला ठेवल्या आणि 'वापरू नये' अशी चिठ्ठी बांधली. आवाज चढवला नाही. चहाच्या सुट्टीत ते माझ्या समोर येऊन बसले. "माझी सून पॅकहाऊसला जाते. हा वास आमच्या घरी येतो तिच्या ओढणीला. द्राक्षांना बुरशी येऊ नये म्हणून पेटीत गंधकाच्या पुडीचा कागद घालतात. ओल लागली की त्यातून धूर सुटतो. माणसाच्या डोळ्यांत पाणी येतं. उंदीर केवढा, त्याची छाती केवढी."

मी कपाकडे बघत राहिले. साध्या कागदाच्या चळतीत ते दोन-तीन गंधकाचे कागद मिसळलेले होते आणि शनिवारी ते माझ्या हाती लागले नव्हते, हे मला तेव्हा समजलं.

"किती पिंजऱ्यांत गेलाय?"

"एकातही नाही."

ते थांबले. पिंजऱ्यात हात घालून उंदराला शेपटीने उचलायचं नाही, पुठ्ठ्याची नळी त्याच्यापुढे धरायची आणि तो आपणहून आत येईपर्यंत थांबायचं, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. ते अगदी तसेच थांबले. मग वही काढून टेबलावर ठेवली. "सगळ्यांना दोन. चौदाला पाच. आज सकाळी तू टोपल्या भरत होतीस, तेव्हा मीच लिहिलं. अर्ध्या वडीत पाच मार्कांचं घर होत नाही."

म्हणजे यांना माहीत होतं. मग विचारलं कशाला? माझ्या मनात पहिला विचार आला तो हाच, की हा सापळा आहे. माझ्या तोंडून वदवून घेतील आणि स्वतः मोकळे होतील. चौदा नंबर ज्या चाचणीत होता ती संपायला तीन आठवडे राहिले होते. मी बोलले तर त्या पाच जणी चाचणीतून बाद, मॅडमचं काम अपुरं, आणि माझी नोकरी गेलीच. गप्प बसले तर चौदा नंबरचं उत्तर बाकीच्या उत्तरांत मिसळून जाईल. पुढे कुठल्या तरी माणसाच्या औषधात ती चूक उतरेल, आणि ते कोणाला कधीच कळणार नाही.

"तू नाही सांगितलंस तर मी सांगणार नाही," काका म्हणाले. "पण मग हे पाच खोडू की ठेवू, तेवढं सांग."

मी म्हटलं, "तुम्ही बरोबर येता का?"

"चल."

मॅडमच्या खोलीत मी उभ्यानेच सगळं सांगितलं. सविताचं नाव घेतलं नाही. मॅडमनी चष्मा काढून डोळे दाबले. मग त्यांनी यंत्राची नोंदवही मागवली. टोपल्या तपासून यंत्रात घातल्या, असं तिथे लिहावं लागतं. शनिवारच्या नोंदीखाली माझी सही होती, सोमवारच्या नोंदीखाली आर. गांगुर्डे.

"तुम्ही टोपल्या उघडून बघितल्या होत्या?"

"नाही, मॅडम. तिने भरल्या होत्या, म्हणून बघितल्या नाहीत."

"मग सही?"

"माझीच आहे."

"ती म्हणते तिने लपवून भरला."

"लपवला असेल. शोधायचं काम माझं होतं."

दोघांनाही मेमो मिळाला. मला दीड महिना आत जायची बंदी, बाहेर बाटल्या धुण्याचं काम. नोकरी राहिली. आपणहून सांगितलं म्हणून राहिली, हे मॅडमनी मला स्पष्ट सांगितलं. चौदा नंबरच्या पाच जणी चाचणीतून काढल्या आणि नव्या लोकांना नळीने उंदीर उचलायला शिकवण्यासाठी ठेवल्या. त्यांना खोकला, धाप, काही झालं नाही. काही महिन्यांनी त्याही गेल्या. कशा, ते इथे लिहीत नाही.

बाटल्या धुताना पाणी बर्फासारखं असायचं आणि मी एकच हिशेब मांडत राहायचे. काकांना यात काय मिळालं? ते म्हणू शकले असते, या बाईने फसवलं, आणि ते खरंच होतं. निवृत्तीला पाच महिने राहिले होते. मला वाटलं, काहीतरी मागतील. सुनेसाठी नोकरी लावायला सांगतील, घरकामाला बोलावतील, चार लोकांत ऐकवतील. मी वाट बघितली. कॅन्टीनमध्ये ते माझ्याकडे आले की मी हातातला घास ताटात ठेवायचे. एकदा खरंच त्यांनी विचारलं, "चंदा, एक मागू का?"

मी मनात म्हटलं, आलं.

"कापूस झाडावर असतो तेव्हा कसा दिसतो ग? आमची इगतपुरीकडची भाताची जमीन. कापूस मी बसमधून बघितलाय फक्त, मालेगावच्या पुढे जाताना. बावीस वर्षं वड्या वाटल्या. हात लावून नाही बघितला."

मी सांगितलं की बोंड फुटतं तेव्हा चार पाकळ्यांत चार पुंजके असतात, वेचताना काटा लागतो, दवात भिजला असेल तर जड लागतो, उन्हात वास येतो. ते लहान मुलासारखं ऐकत राहिले. मग उठून गेले. बस, एवढंच मागितलं. त्यावरही मी आठवडाभर विचार केला, की हे नुसतं पुढच्या मागणीआधीचं बोलणं नसेल कशावरून.

निवृत्तीच्या समारंभात आमच्याकडे एक रीत आहे. शाल-नारळ देताना व्यवस्थापक एक वाक्य म्हणतात, "यांच्या संपूर्ण सेवेत एकही मेमो नाही." ज्याच्याबद्दल ते म्हणता येतं त्याच्यासाठी टाळ्या जास्त वेळ वाजतात. काकांच्या वेळी व्यवस्थापक त्या जागेपर्यंत आले, कागदाकडे पाहिलं, आणि "यांना आरोग्य लाभो" असं म्हणून खाली बसले. टाळ्या वाजल्या, आणि लवकर थांबल्या. काकूंनी काकांकडे पाहिलं. मी मागच्या रांगेत होते.

नंतर मी त्यांच्याजवळ गेले आणि म्हटलं, "काका, ते वाक्य माझ्यामुळे गेलं."

"सामोसा गार होतोय," ते म्हणाले, आणि ताटली माझ्यापुढे केली. मी ती घेतली. त्यात काय असेल याचा विचार न करता खाल्लेली ती कदाचित पहिलीच गोष्ट.

आता वही माझ्याकडे आहे. कापसाच्या वड्या वेळेवर येतात. थंडी वाढली की मी सगळ्यांना पूर्ण वडी देते, वर एक जास्तीची, मॅडमना विचारून. एखाद्या सकाळी कुठे पाच मार्कांचं घर दिसलं की आनंद होण्याआधी मी वाकून वास घेते. लाल घरात झोपलेल्यांकडे मी बघते आणि त्यांना वाटतं त्या लपल्या आहेत. पोसणारा हात आणि पकडून नेणारा हात एकच असतो, हे मला रोज दिसतं, आणि तो हात माझा असतो. म्हणून संशय घेणं चूक आहे असं मी कोणालाच सांगणार नाही, उंदरांना तर नाहीच. काकांनी ते का केलं, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. त्यांची सही होती, एवढंच ते म्हणाले होते. तेवढंच असेलही. चार वर्षं उलटून पालटून बघितलं, त्याच्याखाली दुसरा कागद निघाला नाही.

हातगाडीवरून मी अर्धा किलो द्राक्षं घेतली, कागद तिथेच टाकला आणि परस्पर काकांच्या घरी गेले. काका अंगणात उन्हाला बसले होते. त्यांनी घड हातात घेतला, नाकाशी नेला आणि मग एक मणी तोडला.

"चांगली आहेत," ते म्हणाले. "तुला कोणी फसवलं नाही आज."

मी त्यांना काही बोलले नाही, म्हणून इथे लिहिते. काका, पुढच्या वेचणीला नसेल जमलं तर त्याच्या पुढच्या, पण मी तुम्हाला किनवटला नेणार आहे. 'पुढच्या वर्षी' या शब्दांवर माझा विश्वास नाही, तुम्हाला माहीत आहे, आणि तरी तेच शब्द मी तुम्हाला देते आहे. काकूंनाही आणा. बस बारा तास घेते, मी खिडकीची जागा धरीन. आमच्या शेताच्या बांधावर तुम्हाला उभं करीन, दव वाळेपर्यंत थांबवीन, आणि सगळ्यात मोठं फुटलेलं बोंड दाखवीन. तुम्ही आधी वास घ्या. मग हात लावा.